टिपणीत न लिहिलेली ओळ

नोकरीत मला पहिली शिक्षा मिळाली ती बेरीज बरोबर केल्याबद्दल. मासिक आढावा बैठक होती. साहेब कागदावरून वाचत होते आणि कामं अपूर्ण असलेल्या गावांचा आकडा त्यांनी सतरा सांगितला. मी मागच्या रांगेत होतो. तालुकावार आकडे माझ्यासमोर होते आणि त्यांची बेरीज चौदा येत होती. मी उभा राहिलो आणि तसं सांगितलं. तीन गावं कमी झाली म्हणजे साहेबांना बरंच वाटेल, अशी माझी समजूत होती. साहेबांनी कागद खाली ठेवला, चष्मा काढला आणि माझं नाव विचारलं. पुढच्या सोमवारी मी आवक-जावकच्या टेबलवर होतो. तिथे मी चौदा महिने पाकिटांवर क्रमांक टाकले.

त्या टेबलवर पहिल्याच आठवड्यात बडे बाबू चहाचे दोन ग्लास घेऊन आले. तेव्हा ते माझ्यासारखेच कारकून होते, वयाने नऊ वर्षांनी मोठे, पण परभणीचं आमचं सगळं जिल्हा कार्यालय त्यांना बडे बाबू म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी एक ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"बेरीज कोन्ती बराबर व्हती?"

"माझी."

"ते मला ठावं हाय. बैठकीत कोन्ती बराबर व्हती, ते इचारलं."

मी चहाचा ग्लास उचलला. ते म्हणाले, साहेबाचं गणित कधी चुकत नसतं, चुकते ती टायपिंग. बैठक संपल्यावर कागद घेऊन आत जायचं आणि टायपिंगची चूक झाली म्हणून आपणच माफी मागायची. साहेब कागद दुरुस्त करतो आणि आपल्याला लक्षात ठेवतो.

पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी मला असं बरंच शिकवलं. काम तीन दिवसांत झालं तरी पाचव्या दिवशी न्यायचं, नाही तर पुढच्या वेळी दोन दिवसांत मागतात. साहेबाकडे तयार उत्तर घेऊन जायचं नाही, अडचण घेऊन जायचं आणि उत्तर त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. आपली तारीफ आपण करायची नाही, ती शिपायाच्या तोंडून आत पोचली पाहिजे, म्हणून शिपायाशी कधी बिघडवायचं नाही. साहेबाचा उपास कोणत्या वारी असतो आणि त्याच्या मुलीची परीक्षा कधी आहे, हे माहीत असावं, पण माहीत आहे असं दाखवू नये. हे सगळं ते हसत हसत सांगायचे. एकच गोष्ट सांगताना ते हसत नसत.

ती टिपणीची. सरकारी फाईलवर निर्णय साहेबाचा असतो, पण पहिली टिपणी कारकून लिहितो. अर्ज काय आहे, कागद कोणते जोडलेत, नियम काय सांगतो, आणि शेवटी हे प्रकरण त्या नियमात बसतं की नाही, एवढं त्यात येतं. बडे बाबूंचं म्हणणं होतं की पहिल्या तीन गोष्टी लिहाव्यात आणि चौथी कधी लिहू नये. तिच्या जागी 'आदेशार्थ सादर' लिहावं आणि सही करावी. पुढे काही निघालं तर चौकशीवाले फाईलमध्ये पहिलं मत कुणाचं ते शोधतात. मतच नसेल तर कारकून सापडत नाही.

हे त्यांनी भोगलेलं होतं. तरुणपणी जिंतूरला असताना एका विधवेच्या अर्जावर त्यांनी चौथी ओळ लिहिली होती. प्रकरण खरं होतं, नियमात बसत होतं. मंजुरीही झाली. पुढे तक्रार झाली, तेव्हा सही करणारे साहेब बदलून गेले होते आणि टिपणी लिहिणारे तिथेच होते. चौकशी सहा वर्षं चालली. शेवटी ते निर्दोष सुटले, पण तोपर्यंत त्यांच्या मागून लागलेले तिघे पुढे निघून गेले होते. हेड क्लार्कची खुर्ची त्यांना मिळाली तेव्हा निवृत्तीला पाच वर्षं उरली होती.

मी त्यांचं ऐकलं. आवक-जावकमधून मी आस्थापना शाखेत आलो. तिथे रजा, बदल्या आणि बढत्यांच्या फाईली असतात. वीस वर्षांत मी एकाही टिपणीवर मत लिहिलं नाही. माझे गोपनीय अहवाल चांगले येत गेले. चार साहेब आले आणि गेले, चौघांनीही मला काटेकोर म्हटलं.

या सगळ्यात वहिनींचा, म्हणजे बडे बाबूंच्या पत्नीचा, उल्लेख राहिला. धाकट्या मुलीच्या वेळी माझी बायको माहेरी राणीसावरगावला होती, तेव्हा वहिनींनी मला डबा पाठवला. सुट्ट्या सोडून तो सत्त्याहत्तर दिवस आला. भाकरी, एक भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि शनिवारी खिचडी. मी हॉटेलात जेवतो म्हणालो, तर त्यांनी निरोप पाठवला, "भाऊजींना म्हनावं, डबा धुऊन पाठवू नका, तुमचं घासलेलं मला पुन्हा घासावं लागतंय."

वहिनींची किडनी बिघडली तेव्हा बडे बाबूंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस ठरलं. ते परभणीतच होत होतं. सकाळी नेऊन दुपारी आणायचं, चार-पाच तासांचं काम. मुलगी पुण्याला, दोन लहान मुलांची आई. न्यायला-आणायला बडे बाबू एकटेच. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे आणि संध्याकाळी सातपर्यंत बसून काम पुरं करायचे.

त्याच वर्षी बदल्यांमध्ये त्यांचं नाव पालमसाठी निघालं. एसटीने दोन तास जायला, दोन तास यायला, आणि गाडी वेळेवर मिळाली तर. घरात गंभीर आजार असेल तर बदलीतून सूट मिळते, तशी तरतूद आहे. त्यांनी अर्ज केला, दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडलं. एरवी माझ्या टिपण्या हेड क्लार्क म्हणून त्यांच्याकडूनच पुढे जायच्या. ही त्यांचीच असल्याने थेट साहेबांकडे जाणार होती. टेबल माझं होतं.

साहेब नवे होते. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं होतं की कोणत्या टेबलवरून कुणाच्या शिफारशी येतात, ते आपल्याला कळतं. मी बडे बाबूंचा माणूस आहे, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. त्याच महिन्यात बढतीची यादी निघणार होती आणि तिच्यात माझं नाव होतं. मी टिपणीचे तीन परिच्छेद लिहिले. अर्ज, प्रमाणपत्र, तरतूद. चौथ्या जागी 'सदर प्रकरण या तरतुदीत बसते' एवढं लिहायचं होतं. तो काही माझा उपकार नव्हता, ते खरंच बसत होतं. मी पेन उचललं आणि 'आदेशार्थ सादर' लिहिलं.

त्या वेळी मी स्वतःला कारणं दिली होती. शिफारस केली तर साहेबांना उलट संशय येईल. प्रमाणपत्र इतकं स्पष्ट आहे की मत लागतच नाही. साहेब वाचतीलच. आणि बडे बाबूंनीच तसं शिकवलंय. अशी चार झाली. पाचवं मी तेव्हा मोजलं नाही. ते पालमला गेले तर त्यांची खुर्ची रिकामी होणार होती.

साहेबांकडे त्या दिवशी सगळ्या टेबलांवरून आलेले छत्तीस अर्ज होते. ज्या टिपण्यांवर मत होतं, ते अर्ज त्यांनी तपासले. ज्यांवर नव्हतं, त्यांवर एकच वाक्य लिहिलं, 'प्रशासकीय निकड, विनंती अमान्य.' आदेश दुपारी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आला. बडे बाबू माझ्यापासून बारा फुटांवर बसले होते. त्यांनी मोबाइल पाहिला, उलटा ठेवला आणि समोरचं रजिस्टर तपासत राहिले.

आठ दिवसांनी त्यांनी प्रभार दिला, तो माझ्याकडेच. माझी बढती झाली होती. यादीत दोनशे बारा फाईली होत्या. एकेक काढून आम्ही खूण करत होतो. बदल्यांची फाईल आली तेव्हा त्यांनी ती उघडली, स्वतःच्या अर्जाचं पान काढलं आणि टिपणी वाचली. मी खिडकीकडे बघत होतो.

"टिपणी लय साफ लिहिली तुमी," ते म्हणाले. "कुठं बोट ठेवाया जागा न्हाई."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मास्तराने वही तपासून परत द्यावी, तसा आवाज होता. मग त्यांनी खूण केली आणि पुढची फाईल घेतली.

पालमला गेल्यावर पहिले दोन महिने त्यांनी दोन्ही वारी रजा टाकली. मग तिथल्या साहेबांनी हरकत घेतली. शुक्रवारचं कसंबसं जमवलं, मंगळवारी वहिनी शेजारणीबरोबर रिक्षाने जाऊ लागल्या. मी माझ्या बायकोला सांगितलं. ती दोन मंगळवार गेली. तिसऱ्या मंगळवारी आमच्याकडे पाहुणे होते. पुढे शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली. बडे बाबू मंगळवारी दुपारी पालमहून फोन करायचे आणि वहिनी सांगायच्या, "जाऊन आले. आता पडलेय जरा." शुक्रवारी दवाखान्यात नर्स त्यांना वजन वाढल्याबद्दल बोलायची आणि त्या पाणी जास्त प्यायले म्हणायच्या. मी हेड क्लार्कच्या खुर्चीवर होतो. कार्यालयापासून ते घर पायी अकरा मिनिटांवर होतं. त्या पाच महिन्यांत मी तिथे तीनदा गेलो.

एका सोमवारी सकाळी वहिनींना दम लागला. त्या दिवशी गावाहून आलेल्या पुतण्याने दवाखान्यात नेलं. बडे बाबू पालमहून पहिल्या गाडीने निघाले आणि पोचले. दुपारी वहिनी गेल्या.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. हातात, वहिनींच्या पिशवीत सापडलेलं, दवाखान्याचं निळं कार्ड होतं. ठरलेल्या प्रत्येक वारासाठी एक छापील चौकट असते, डायलिसिस झालं की तिच्यात तारीख लिहून खाली शिक्का मारतात, ते. त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

"तुमाला आकड्याचं कळतंय. बगा बरं, किती घरं रिकामी हायत."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. एका चौकटीत तारीख होती, शिक्का नव्हता. नर्सने आधीच तारीख टाकून ठेवली असावी. ती धरून नऊ. सगळे मंगळवार.

"मी आठ मोजले," ते म्हणाले.

शिक्का नसलेली ती चौकट त्यांनी भरलेली धरली होती. मी कार्डाकडे बघत राहिलो. बावीस वर्षांपूर्वी मी भर बैठकीत उभा राहिलो होतो, त्यानंतर मी कुणाची बेरीज तोंडावर दुरुस्त केली नव्हती.

"आठच आहेत," मी म्हणालो.

त्यांनी कार्ड परत घेतलं नाही. "बैठकीतली नगं," ते म्हणाले. "बराबर कोन्ती ते सांगा."

"नऊ."

त्यांनी मान हलवली. मग कार्ड घेतलं, खिशात ठेवलं आणि आत कुणाला तरी चहा ठेवायला सांगितला. मला वाटलं, आता ते टिपणीबद्दल बोलतील. मी काय म्हणायचं ते वाटेत जुळवून आलो होतो. ते पालमच्या एसटीबद्दल बोलले. सकाळच्या गाडीला गर्दी फार असते, म्हणाले. उठताना मीच म्हणालो की माझं चुकलं.

"तुमी शिकिवलं तसंच केलं," ते म्हणाले. "चुकलं आसंल तर शिकिवणाऱ्याचं."

  त्यांनी मला माफ केलं की स्वतःला दोष दिला, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. पण ती सही माझी आहे, एवढं नक्की.

पुढच्या वर्षी बदल्या आल्या. निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती, म्हणून साहेबांनी आपणहून त्यांना परभणीला परत घ्यायचं ठरवलं. प्रस्ताव निघाला आणि चार दिवसांत पालमहून अर्ज आला. अक्षर ओळखीचं होतं. घरगुती कारणामुळे परभणीला यायची गरज उरलेली नाही, तरी आहे तिथेच ठेवावं, असं त्यात लिहिलं होतं. आता टेबल दुसऱ्या कारकुनाचं होतं. त्याची टिपणी माझ्याकडे आली. अर्ज, नियम, आदेशार्थ सादर. मी त्याला तसंच शिकवलं होतं.

मी त्याखाली लिहिलं, 'विनंती नियमात बसते. ती मान्य करावी, असे माझे मत आहे.' दोन ओळी झाल्या. सही केली, तारीख टाकली. साहेबांनी मान्य केलं, काही विचारलं नाही.

आदेश गेल्यावर संध्याकाळी बडे बाबूंचा फोन आला. आदेशाबरोबर टिपणीची प्रतही त्यांच्याकडे गेली होती.

"मत कामून लिहिलं?" ते म्हणाले. "आता तुमचं पुढचं प्रमोशन हाय ना?"

हो म्हणालो. जेवलात का विचारलं. ते म्हणाले, मेसचा डबा आलाय, खातो आता. डबा बरा असतो का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते विचारलं नाही.