माझ्या वजनाची हवा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — ओरत्तनाडूच्या अक्काला नाही, मुलीला नाही, दर रविवारी ज्यांच्याबरोबर सायकल चालवतो त्यांनाही नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हांला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा. आणि हे देवनागरीत लिहितोय, त्यालाही एक कारण आहे. ते काही फारसं भूषणावह नाही. पुढे येईल ते.

मनातलं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसलं काही वाटत नाहीये, नुसता शीण आलाय. सात-आठ वर्षं एक गोष्ट सांभाळायची, म्हणजे रोज ती जागेवर आहे ना ते बघायचं — कंटाळा येतो हो. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला पेलत नाहीत.

सुरुवात कुठून करू? फोर्कपासूनच करतो. फोर्कबद्दल मी तासन्‌तास बोलू शकतो, आणि खरी गोष्ट लांबवायला ते बरं पडतं.

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये बसतं, तो फोर्क. साध्या सायकलला तो नुसता लोखंडाचा. डोंगरात चालवायच्या सायकलला त्याच्या पोटात स्प्रिंग असते, नाहीतर हवा. चाक दगडावर आपटलं की फोर्क दबतो, आणि धक्का तुमच्या हातांपर्यंत पोचत नाही. तुम्ही विचाराल, तंजावुरात डोंगर कुठला? खरंय, आमचा मुलूख ताटासारखा सपाट. पण मी कालव्यांच्या सरकारी खात्यात इंजिनियर, नद्यांच्या बांधांवरून फिरणं हेच माझं काम. बांधावर ताडाच्या मुळ्या असतात, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात, आणि वल्लमकडे गेलं की तांबड्या मुरमाच्या घळीही लागतात. शिवाय — हौसेला डोंगर लागतोच असं कुठे आहे?

फोर्क निवडायला मी तीन-चार महिने घोळ घातला. स्प्रिंगचा घ्यावा की हवेचा? स्प्रिंगचा बिचारा कुरकुर न करता वर्षानुवर्षं चालतो, पण जड. आणि ज्या वजनाच्या माणसासाठी केला त्यालाच तो मानवतो. हवेचा हलका, त्यात आपापल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते — पण मग त्याची सरबराई आली. अधूनमधून हवा बघा, पाय पुसा, हवा अडवणारी रबरी सील तेलानं ओली ठेवा, बांधावरचा चिखल त्यावर वाळू देऊ नका. मला सरबराई आवडते. माणसांची नाही जमत एवढी, वस्तूंची जमते. शेवटी त्रिचीच्या एका दुकानातून हवेचेच आणले, एकसारखे दोन. एक माझ्या सायकलला, एक गिरिजाच्या.

गिरिजा माझी बायको. तिरुवैयारूच्या एका शाळेत गणित शिकवते. तेव्हा ती स्वतःच्या स्कूटरनं जायची-यायची, एकामागून एक नद्यांचे पूल ओलांडत, आणि घरी आल्यावर कुठल्या नदीला किती पाणी आहे ते मलाच सांगायची. माझ्या खात्याची टिंगल करायला तिला फार आवडायचं.

हवेच्या फोर्कला वेगळा पंप लागतो — छोटासा, वर दाबाचा काटा असलेला. आमच्या सायकलवाल्यांत तो फक्त माझ्याकडे होता, त्यामुळे सगळ्यांचा हवाभरू मीच. आणि फोर्कच्या एका पायावर एक रबरी कडं असतं. आधी ते खाली टेकवून ठेवायचं, मग सायकलवर बसायचं. आपल्या वजनानं फोर्क खचतो, कडं वर सरकतं. उतरून बघायचं, किती सरकलं. फार सरकलं तर हवा कमी. जागचं हललंच नाही तर हवा जास्त, फोर्क दगड. हे गिरिजाला मीच शिकवलं. कडं इथवर आलं की बरोबर, असं बोट ठेवून दाखवलं. गणिताची बाई ती, तिनं ते पक्कं धरलं. दर वेळी निघताना खाली वाकून एकदा कडं बघायचीच.

ते कडं लक्षात असू द्या.

त्या वर्षी पोंगलच्या सुट्टीत आम्ही काहीजण पचमलैला गेलो. खराखुरा डोंगर, खरीखुरी वाट. चढताना मी पुढे होतो. उतरताना — आता हे लिहितानाही मला ते सरळ लिहवत नाही — उतरताना मला भीती वाटली. फोर्कवर तीन महिने अभ्यास केलेला माणूस मी, आणि दोन्ही ब्रेक आवळून धरून, दगडादगडाला थांबत उतरत होतो. तेवढ्यात डाव्या अंगानं एक सायकल सपकन गेली. गिरिजा! ब्रेकवर एकेकच बोट, कोपरं सैल, आणि तोंडानं शाळेतल्या पोरीसारखी आरोळी. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या हातांनाच ते कळत होतं.

खाली एका चिंचेखाली ती थांबली होती. मी सगळ्यांत शेवटी पोचलो. मंडळींनी चिडवलंच. “सार, मॅडमकडं ट्यूशन लावा!” सगळे हसले, मीही हसलो. मग तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, “तुम्ही सावकाश आलात ते बरं केलात. वळणं वाईट होत्ती.”

चिडवणाऱ्यांचं मला काही लागलं नाही. तिनं समजून घेतलं, ते लागलं. असं का व्हावं? बायको आपल्याला सांभाळून घेते यात तोंडात मारल्यासारखं काय आहे? पण मला तसंच वाटलं, आणि घरी येईपर्यंत मी गाडीत झोपल्याचं सोंग घेऊन बसलो.

आता इथवर आलोच आहे तर पुढचं सांगून टाकतो.

पहिल्या वेळी खरोखर चूक झाली. यावर विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. दोन्ही सायकली एकसारख्या, शेजारी उभ्या. गप्पांच्या नादात मी माझ्या फोर्कचा आकडा तिच्या फोर्कमध्ये भरला. मी तिच्या दीडपट तरी आहे वजनानं. म्हणजे तिच्या फोर्कमध्ये माझ्या वजनाची हवा. त्या दिवशी वल्लमच्या घळीतून आल्यावर ती हात झटकत म्हणाली, “अय्यो, मुंग्या आल्या हातांना. आज काय झालं मला?” मला तिथल्या तिथे उमगलं. “अगं, माझीच चूक, हवा जास्त झाली” — एवढंच म्हणायचं होतं. ती हसली असती, महिनाभर माझी टर उडवली असती, आणि संपलं असतं.

मी म्हणालो, “वय झालं आता.”

का म्हणालो? त्या दिवशी ती माझ्या मागे होती, म्हणून. बस, एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

पुढच्या रविवारी हवा बघायला बसलो. पंप लावला, काटा बघितला. थोडी हवा सोडायची होती — एक बटण दाबायचं, फुस्स, झालं. मी नाही दाबलं. आणि त्यावर, देवाशपथ, अजून चार-पाच झटके मारले. मग आठवलं की ती निघताना कडं बघेल. ती कॉफी करत होती आत. तिनं एकदा बसून बघावं म्हणून मी हाक मारली, ती बसली, उतरली. कडं जागचं जेमतेम हललं होतं. ती चप्पल घालायला वळली तेवढ्यात मी अंगठ्यानं ते कडं वर सरकवलं, बरोबर तिथवर, जिथे बोट ठेवून तिला शिकवलं होतं. ती वाकली, बघितलं, म्हणाली, “सरि.” म्हणजे ठीक आहे. आणि निघाली.

हे मी एकदा केलं असतं तर वेडाच्या भरात केलं म्हणालो असतो. तो सगळा उन्हाळा मी हे करत होतो. अंगठ्यानं कडं सरकवायचं, आणि करून सवरून नामानिराळं राहायचं.

एकदा घळीत उतरताना तिचं पुढचं चाक उसळलं आणि ती पडली. मनगट मुरगळलं, हाड वगैरे काही मोडलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, काहीही नाही, आठवडाभर आराम करा. पण डॉक्टर काही रोज घरी येत नाहीत. रोज घरी मी होतो. “तुझे हातच नाजूक,” मी म्हणायचो. “ताकदीचं काम नको तुला.” किती मायेनं म्हणायचो! ती आधी हसायची. मग गप्प बसायला लागली. मग स्वतःच म्हणायला लागली.

सायकल तिनं सोडली. तेवढ्यावरच थांबलं असतं तर — नाही, तर काय? तरीही ते तेवढंच वाईट होतं. पण थांबलं नाही. एके दिवशी नदीच्या पुलावर समोरून बस आली, स्कूटरचा ब्रेक दाबायला आपले हात पुरणार नाहीत असं तिला वाटलं, आणि तिनं स्कूटर तिथेच कडेला लावून मला फोन केला. ब्रेकला काही झालं नव्हतं. हातांनाही नाही. त्या रात्री तिनं किल्ली आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती घेतली. पुढच्या महिन्यात स्कूटर विकली.

तेव्हापासून मी तिला सकाळी बसस्टँडवर सोडतो, संध्याकाळी आणायला जातो. पाऊस असो, ऊन असो. मोटरसायकलवर ती माझ्या मागे बसते, रस्त्यात खड्डा आला की माझा खांदा धरते. काय पकड आहे तिची! शर्टाला सुरकुत्या पडतात. ओरत्तनाडूची अक्का — माझी थोरली बहीण — चार माणसांत सांगते, “असा नवरा मिळायला पुण्य लागतंय.” गिरिजाच्या शाळेतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात म्हणे. आणि मुलीचा फोन आला की गिरिजा तिला सांगते, “माझ्या हातांत बळच नाही गं. बाबा आहेत म्हणून चाललंय.” मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असतो. नदीला किती पाणी आलंय ते मात्र ती आता सांगत नाही. बसच्या गर्दीत दिसत नसेल.

तिची सायकल जिन्याखाली उभी आहे, वर जुनी चादर. मध्ये एकदा चादर काढून मी फोर्कवर तळवा टेकवून जोर दिला. अजून कडक आहे. चांगली वस्तू, चांगली सील, फारशी हवा गळलेली नाही. मी हवा सोडायला गेलो होतो, पण बटणावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. पुन्हा चादर घातली.

आता देवनागरीचं. आम्ही घरी मराठीच बोलतो, आमची जुनी, तमिळच्या चालीवर चालणारी. पण इथे वाचायला येते ती तमिळ, नाहीतर इंग्रजी. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या, म्हणून मला ही अक्षरं येतात. गिरिजाला येत नाहीत. परवा मी हेच लिहीत बसलो होतो, ती कॉफी घेऊन आली, कागदाकडे बघितलं, म्हणाली, “किती नीट लिव्हता तुम्ही.” अर्धं पान तिच्याबद्दलचं होतं, तिच्या डोळ्यांसमोर. तिनं कप ठेवला आणि गेली. तेव्हा कळलं की मी कबुलीसुद्धा कडं सरकवूनच देतोय.

अजून एक राहिलं. हे जुनं नाही, गेल्या आठवड्यातलं आहे.

नार्तंगायच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या आंबट लिंबांच्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. मी ओढून बघितलं, फडक्यानं धरून बघितलं, गरम पाणी घातलं. निघेना. वैतागून ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला वळलो. मागे आवाज आला. बघतो तर झाकण तिच्या उजव्या हातात, बरणी डाव्या. तिनं सहज फिरवलं असणार, विचार न करता. आणि ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीतरी यायला लागलं होतं — पचमलैच्या चिंचेखाली होतं तसलं काहीतरी. मी ते ओळखलं. इतक्या वर्षांनी बघत होतो, तरी ओळखलं.

मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं.

“मीच आधी सैल केलं होतं,” मी म्हणालो.

“तरीच,” ती म्हणाली, आणि झाकण ओट्यावर ठेवून पदराला हात पुसले.