अडतीस मुलांच्या व्हिडिओतली एकोणचाळिसावी

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला मला कधी वेळ झाला नाही, आणि त्यांच्यावर विश्वास तर मुळीच नाही. दाराला लिंबू-मिरची टांगायलाही माझी हरकत असते. त्यामुळे मी गूढ अनुभवांच्या या सदरात लिहितेय याचं आमच्या ह्यांना माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटतंय. पण सहा महिने झाले, डोकं शिणलंय... आता तुम्हीच बघा.

मी सत्तेचाळीस वर्षांची. राहायला कसबा बावड्यात, नोकरी उचगावच्या एका माध्यमिक शाळेत. तेवीस वर्षं इंग्रजी शिकवते. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी परदेशातल्या एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स निघाला होता, आठ आठवड्यांचा, तो घेतला. पास झाले तर तालुक्यातल्या शिक्षकांना शिकवायला मला बोलावणार होते. तेवीस वर्षं तेच धडे, तेच व्याकरण... मला हे हवं होतं, अगदी मनापासून.

शेवटचं काम असं: आपल्या वर्गाचा बारा मिनिटांचा व्हिडिओ चढवायचा. कोर्समधलेच तीन शिक्षक तो बघून वीसपैकी गुण देणार. तिघं तीन देशांतले, एकमेकांना न ओळखणारे, आणि स्वतःचा अभिप्राय दिल्याशिवाय दुसऱ्याचा कुणाला वाचता येत नाही. पास व्हायला तिघांची सरासरी चौदा हवी.

आता एक कबुली देते. आठवीचा पट एक्केचाळीस. व्हिडिओत मुलं अडतीस. तपासणीला साहेब येणार म्हटलं की कच्ची मुलं मैदानावर धाडायची, हे आमच्याकडं सगळेच करतात, मीही केलं. दोघांना धड वाचता येत नव्हतं. तिसरी आरती. आरती हुशार आहे, पण अडखळत बोलते. तिचं एक वाक्य चाळीस सेकंद खातं – मी घड्याळ लावून पाहिलं होतं. आणि हातात मिनिटं बारा! तिघांना पी.टी.च्या सरांकडे दिलं, मैदानावर पांढऱ्या फक्कीनं खेळाच्या रेघा मारायला. खिडकीजवळचा शेवटचा बाक आरतीचा, तो रिकामा राहिला.

निकाल आला. अकरा.

तुर्कस्तानच्या बाईंनी लिहिलं होतं – धडा छान, पण खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरची मुलगी पूर्ण वेळ हात वर करून बसली आहे, तुम्ही तिला एकदाही विचारलं नाही. पेरूच्या गृहस्थांनी लिहिलं – तिचा हात इतका अवघडलाय की तिनं दुसऱ्या हातानं कोपर धरून ठेवलंय, मला बघवलं नाही. फिलिपिन्सच्या बाईंनी तर रिबनसुद्धा टिपली होती: एका वेणीला आहे, दुसरीला नाही.

मी व्हिडिओ नऊ वेळा बघितला. मुलं मोजली, अडतीस. बाक रिकामा. नवव्या वेळी ह्यांना शेजारी बसवलं.

"कुठं काय हाय? मोकळा बाक हाय की," हे म्हणाले. "आता भुतं बी इंग्लिश शिकायला यायला लागली व्हय तुझ्याकडं? फी घे त्यांच्याकडनं."

"गप्प बसा हो. तीन गुणांनी गेलेय मी."

"मग सांग की त्यास्नी, तिथं पोरगी न्हाई म्हणून."

सांगितलं. कोर्सच्या मदत कक्षाला चार ईमेल केल्या. चारींना एकच उत्तर, शब्दही तेच: अभिप्राय अंतिम आहेत, सात दिवसांत एकदाच नवा व्हिडिओ देता येईल. अहो, पण मुलगीच नाही ना तिथं! शेवटी कोर्सच्या चर्चेच्या पानावर तुर्कस्तानच्या बाईंना गाठलं आणि विचारलं, नेमकी कुठं दिसते ती? त्यांनी वेळ कळवली – चार मिनिटं दहा सेकंद – आणि तिथला स्क्रीनशॉटही पाठवला. मी उघडला. रिकामा बाक. खाली त्यांनी लिहिलं होतं, "ही बघा. अजूनही दिसत नाही का तुम्हाला?"

मी लॅपटॉप असा आपटून बंद केला की हे आतून धावत आले.

रागाच्या भरात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. कोपर धरून हात वर करणारी आणि एका वेणीची रिबन रोज हरवणारी मुलगी आमच्या आठवीत एकच आहे.

दुसऱ्या दिवशी पी.टी.च्या सरांना विचारलं, "त्या दिवशी आरती मधेच वर्गाकडं आली होती का?"

"कुठली? आवो बाई, तास संपूस्तोवर माझ्यासमोर रेघा मारत हुती. मी काय खुळा हाय व्हय, पोरास्नी मोकाट सोडायला?"

मैदान शाळेच्या मागं आहे, आमच्या वर्गाची खिडकी पुढच्या रस्त्याकडं. मैदानावरची आरती खिडकीतून दिसली असेल, तीही शंका मिटली.

सहाव्या दिवशी नवा व्हिडिओ केला. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बसवली. आरतीनं हात वर केला, मी तिला उठवलं. बावन्न सेकंद लागले. मी मधे शब्द पुरवला नाही, फळ्याकडं वळले नाही. घड्याळ मात्र बघितलं, खोटं कशाला सांगू. वाक्य अगदी बरोबर होतं.

तास सुटल्यावर तिला म्हटलं, "छान बोललीस गं."

"ब... बाई, म... मागल्या बारीला बी मी हात वर केल्ता की. तुमी ब... बघितलंच न्हाईसा."

"मागच्या वेळी तू मैदानावर होतीस, आरती."

"व्हय," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून गेली.

या वेळी सतरा मिळाले. तालुक्यात शिकवायलाही जाऊन आले. कच्ची मुलं बाहेर धाडू नका, हे तिथं बजावून सांगितलं. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

कॅमेऱ्याचा दोष, नेटचा दोष, तिघांनी मिळून केलेली थट्टा... हे सगळं सुचवू नका, तपासून झालंय. थट्टा म्हणावी, तर आरतीच्या रिबनचं फिलिपिन्समध्ये कुणाला ठाऊक असणार? आणि भास म्हणावा, तर तो तीन देशांत एकाच बाकावर कसा होतो?

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. पहिला व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. काल तो दहाव्यांदा लावला, चार मिनिटं दहा सेकंदांवर थांबवला, चष्मा पुसून बघितला. तीन परक्या माणसांना दिसलेली माझ्याच वर्गातली मुलगी मला काही दिसली नाही.