पोटुशी कॉम्प्युटर

आमच्या वर्कशॉपमध्ये एसी फक्त माझ्या खोलीला आहे. शेठच्या केबिनलाही आहे, पण तो चालत नाही, म्हणून मी तो धरत नाही. चाकणच्या एमआयडीसीत उन्हाळ्याच्या दिवसांत पत्र्याखाली मशीन चालवणाऱ्या माणसाला माझ्या खोलीत यायला फक्त कारण लागतं. कुणाला पार्ट दाखवायचा असतो, कुणाला ड्रॉइंग बघायचं असतं, कुणी नुसतंच दार उघडून "काय चाललंय ताई?" विचारतो आणि गार हवा खाऊन जातो. मी कुणाला हाकलत नाही. पण बूट घालून आत आलेल्याला मात्र सोडत नाही.

ही मोजमापाची खोली. बाहेर गाड्यांचे पार्ट बनतात आणि ते ड्रॉइंगप्रमाणे आहेत की नाहीत हे मी सांगते. मी "नाही" म्हटलं की पार्ट भंगारात जातो, मग तो कुणीही बनवलेला असो. त्यामुळे माझ्यावर प्रेम करणारे कमी आणि मला टरकून असणारे जास्त, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पिंपरीच्या कारखान्यात आयुष्यभर मशीनसमोर उभ्या राहिलेल्या बापाची मी मुलगी. आमच्या वस्तीतून डिप्लोमा केलेली पहिली पोरगी मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

खोलीतलं मोजमापाचं मशीन जुनं आहे, पण तब्येतीने ठणठणीत. अडचण होती ती त्याच्या कॉम्प्युटरची. मशीनचा प्रोग्रॅम एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालायचा, आणि तो जुना कॉम्प्युटर एक दिवस कायमचा गेला. मशीनवाल्यांच्या माणसाने मान हलवली आणि नवीन मशीन घ्या म्हणाला. मी म्हटलं, थांबा जरा. नवा डेस्कटॉप मागवला आणि त्याच्या आत ती जुनी सिस्टिम बसवली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, थोडक्यात व्हीएम. खरा कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पडद्यावर एका खिडकीत दुसरा, जुना कॉम्प्युटर चालू असतो, आणि त्या आतल्याला वाटतं की आपणही खरेच आहोत. माझी लेक हिंजवडीत आयटीत आहे. तिच्या कामात असे व्हीएम ढिगाने असतात. माझा एकच आहे हे ऐकून ती खूप हसली, पण एका रविवारी संध्याकाळी आमच्या रहाटणीच्या घरी शेजारी बसून तिने मला सुरुवात करून दिली. पुढचं सगळं मी वाचत, चुकत आणि चिडत शिकले.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. आमच्या पट्ट्यात व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं मोठं मशीन. इथे भाड्याची खोली बघायला आलेल्या पोराला घरमालकही विचारतो, "व्हीएमसीवर का सीएनसीवर?" अशा ठिकाणी मी दार उघडून ओरडले, "अहो, व्हीएम बंद पडलंय!" आणि मेंटेनन्सवाला पान्हे घेऊन धावत सुटला, पण माझ्याकडे नाही. त्याने शॉपमधल्या मोठ्या व्हीएमसीचं लाल बटण दाबलं आणि छान चाललेलं मशीन पार्टाच्या मध्यात थांबवलं. त्या मशीनवर आमचे सिनियर ऑपरेटर उभे होते. चाकणजवळच्याच गावचे, वयाने माझ्याहून मोठे आणि जिभेने माझ्याइतकेच तिखट. ते तडक माझ्या खोलीत आले, बूट काढून.

"ताई, ह्ये व्हीएम-बिएम न्हाई चालायचं," ते म्हणाले. "येका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा हाय न्हवं? मग सरळ पोटुशी म्हना की."

मला राग आला, आणि त्याहून जास्त हसू आलं. संध्याकाळपर्यंत शब्द सगळ्या शॉपमध्ये फिरला. "पोटुशी उठली का?" "आज पोटुशीला बरं नाही वाटतं." शेठसुद्धा एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेले आणि मग खोकत बसले.

पण शब्द मोठा कामाचा निघाला. मी हौसेने आतल्या मशीनला भरपूर मेमरी देऊन टाकली होती. परिणाम असा की बाहेरचा कॉम्प्युटरच गुदमरला आणि दोघंही ठप्प. ऑपरेटर म्हणाले, "दोन जिवांची हाय ती. आदी तिला खाऊ द्या, मंग पोराला मिळंल." मी हेच आदल्या दिवशी पानंच्या पानं वाचलं होतं, पण इतकं सोपं कुणी लिहिलं नव्हतं. निम्म्याहून कमी मेमरी आत ठेवली आणि दोघंही सुखाने चालायला लागले. मग केबलचा घोळ झाला. मोजमापाच्या मशीनची केबल लावली की बाहेरचा कॉम्प्युटर ती आधी पकडायचा आणि आतल्याला मशीन दिसायचंच नाही. आधी आतलं सुरू करायचं, मग केबल लावायची, आणि मेनूतून ती आतल्याच्या हाती द्यायची, हे मला दोन दिवसांच्या डोकेफोडीनंतर उमगलं. आतल्या मशीनची जशी आहे तशी प्रत काढून ठेवता येते, पुढे काही बिघडलं तर मागे जायला. मी भीतीपोटी रोज एक काढत गेले. डिस्क गच्च भरली आणि पोटुशी जागच्या जागी थिजली. जुन्या प्रती काढून टाकल्या तेव्हा तिने श्वास घेतला. तेव्हापासून दोनच ठेवते. डोहाळे पुरवावेत, पण सगळेच नाही.

असं करत चांगली चार-दोन वर्षं बिनबोभाट गेली. माझ्या खोलीतून रिपोर्ट निघत होते, आणि गाड्या भरून जात होत्या.

मग गेल्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी व्हीएम उठेना. पडद्यावर इंग्रजीत सूचना, की प्रोसेसरची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय बंद आहे. ही सोय कॉम्प्युटर सुरू होतानाच्या पहिल्या सेटिंगमध्ये असते, ज्याला बायोस म्हणतात. तिथे जाऊन ती चालू केली आणि काम सुरू झालं. म्हटलं, झालं असेल काहीतरी. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. शनिवार ते बुधवार मात्र कुरकुर म्हणून नाही.

"शुक्रवारचा उपास धरलाय पोटुशीनं," ऑपरेटर म्हणाले. सगळे हसले. शेठ हसले नाहीत. कारण ज्या मोठ्या कंपनीला आमचे पार्ट जातात, तिचा इन्स्पेक्टर शुक्रवारीच येतो. त्या तिसऱ्या शुक्रवारी तो माझ्या खोलीत हाताची घडी घालून उभा राहिला आणि मी त्याच्यासमोर बायोसमध्ये शिरायला कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होते.

तो गेल्यावर शेठ खोलीत आले. "मॅडम, मला तुमचं कौतुक आहे," ते म्हणाले, आणि त्या सुरावरूनच पुढचं कळलं. "पण येत्या शुक्रवारी हे त्यांच्यासमोर उघडलं नाही, तर मोजमाप बाहेरच्या लॅबला देतो. बोलणं करून ठेवलंय. तुम्ही डिस्पॅचला बसा, पगार तोच राहील."

पगार तोच! डिस्पॅचला म्हणजे खोक्यांवर स्टिकर लावायचे आणि लॅबचा कागद आत सरकवायचा. बरोबर की चूक हे तिसराच कुणीतरी सांगणार. माझी खोली म्हणजे नुसती एसीची खोली नव्हती. माझा होकार आणि माझा नकार तिथे राहत होता. मी शेठना "बरं" म्हटलं आणि दार जरा जोरातच लावलं.

शनिवारपासून सोमवारपर्यंत मी तर्क लढवत होते. नवीन काही आपोआप बसलं असेल का? पण त्या कॉम्प्युटरला इंटरनेटच नाही. ड्रॉइंग बाहेर जाऊ नयेत म्हणून कंपनीचीच तशी अट आहे. दुसरा एखादा प्रोग्रॅम ती सोय अडवून बसला असेल का? तोही शोधला, नव्हता. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मी, आमच्याकडे असं होत नाही गं. आमच्या मशीन कधी बंदच होत नाहीत."

हे वाक्य मी बसमध्ये बसून चघळत होते. मोशीच्या सिग्नलला गाडी अडकली होती, शेजारची झोपली होती. बंदच होत नाहीत. आमची कधी बंद होते? रोज संध्याकाळी. मग रोज का नाही बिघडत? आणि मला खाडकन उमगलं. रोज मी कॉम्प्युटर बंद करते, पण भिंतीतली वीज चालूच असते. फक्त गुरुवारी नसते. आमच्या सगळ्या पट्ट्याची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी लाइटीच्या कामासाठी वीज जाते आणि आमचा वॉचमन बुधवारी संध्याकाळीच मेन स्विच खाली ओढतो. आणि दर शुक्रवारी आणखी एक गोष्ट मी हाताने नीट करत होते, तिच्याकडे लक्ष न देता: कॉम्प्युटरचं घड्याळ. ते कुठल्या तरी जुन्याच वर्षात जाऊन बसलेलं असायचं. घड्याळ चालू ठेवणारा आणि बायोसची आठवण धरून ठेवणारा सेल एकच. रुपयाएवढा, मदरबोर्डवर बसवलेला. तो मेला होता. भिंतीत वीज असेपर्यंत त्याचं मरण कुणाला कळत नव्हतं.

मी बसमध्ये एकटीच हसले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत प्लग भिंतीतून उपसला, डबा खाल्ला, चहा घेतला, आणि प्लग परत लावला. व्हीएम उठली नाही. घड्याळ जुन्या वर्षात. मला इतका आनंद झाला की बिघाड बघून टाळ्या पिटणारी मी पहिलीच बाई असेन. बिघाड आपल्या हाताने घडवता आला की त्याची भीती उरत नाही. चाकणच्या बाजारातल्या घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, बसवला, बायोसमधली सोय चालू केली, तारीख लावली. बुधवारी पुन्हा प्लग काढून पाहिला. सगळं जागच्या जागी. शेठना मात्र काही बोलले नाही. त्यांनी "त्यांच्यासमोर" म्हटलं होतं, तर त्यांच्यासमोरच होऊ दे.

शुक्रवारी मी पोहोचले तेव्हा ऑपरेटर माझ्या दारात उभे. "ताई, आमी सगळं तयार करून ठेवलंय. टेबल पुसलं, कॉम्प्युटर चालू केला, केबलबी लावली." त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मी तोंड आवरलं. इन्स्पेक्टर आणि शेठ मागोमाग आलेच. मी व्हीएम सुरू केली. ती उठली, एका दमात, आणि शेठनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग मोजमापाचा प्रोग्रॅम उघडला आणि पडद्यावर आलं, मशीन सापडत नाही.

शेठचा चेहरा पडला. मला मात्र आतून काही हललं नाही. केबल आधीच लावलेली, म्हणजे बाहेरच्याने ती पकडलेली. मी ती काढली, पुन्हा लावली, मेनूतून आतल्याच्या हाती दिली. मशीनचा हात हलला, पार्टाला टेकला, आणि आकडे यायला लागले. ऑपरेटरांकडे मी पाहिलंच नाही, नाहीतर त्यांना वाटलं असतं की त्यांचं काही चुकलं.

इन्स्पेक्टर येतो तेव्हा सगळे प्रश्न शेठना विचारतो. मशीनसमोर मी बसलेली असते, आकडे मी काढते, आणि प्रश्न माझ्या डोक्यावरून शेठकडे जातात. त्या दिवशीही त्याने त्यांनाच विचारलं, "इतक्या जुन्या सिस्टिमवर काम काढता. हे सांभाळतं कोण? कुठली एजन्सी आहे?"

"आम्हीच..." शेठ म्हणाले.

आमच्याकडे कुणी "मी" म्हणत नाही. पार्ट बिघडला तरी "आमच्याकडून झालं", आणि चांगला आला तरी "आम्ही केला". सवय चांगली आहे, मीही तीच पाळत आले. पण मला एकदम दिसलं की उद्या मोजमाप लॅबकडे गेलं तरी शेठ इन्स्पेक्टरसमोर बसून असंच म्हणतील, आम्हीच मोजतो. त्या "आम्ही"मध्ये मी असले काय आणि नसले काय.

"मी," मी म्हटलं. "मी बसवलंय, मीच चालवते, आणि बिघडलं तर दुरुस्तही मीच करते."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग इन्स्पेक्टरकडे. "हो," ते म्हणाले. "मॅडमच करतात सगळं. आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

इन्स्पेक्टरने खुर्ची ओढली आणि माझ्या बाजूला वळवून बसला. त्यानंतरचा प्रत्येक प्रश्न त्याने मला विचारला. भोकाचा व्यास, मधलं अंतर, कुठल्या तापमानाला मोजलं, मागच्या लॉटचं काय. मी सगळी उत्तरं दिली, आणि एका पार्टाला त्याच्यासमोर "नाही"ही म्हटलं.

दुपारी शेठ पुन्हा आले. बूट बाहेर काढून आले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. "लॅबवाल्यांना नको म्हणून कळवलंय," ते म्हणाले. मी "बरं" एवढंच म्हटलं, पण मला माझा इतका अभिमान वाटत होता की संध्याकाळपर्यंत तो धरून ठेवणं जड गेलं. बस गेटबाहेर पडते न पडते तोच लेकीला फोन लावला, आणि शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, "अगं, खोली माझीच राहिली!"