फ्रिजवरचं कार्ड

फ्रिजवर माझं कुटुंब चिकटवलेलं होतं. लाल टोमॅटोच्या आकाराच्या मॅग्नेटखाली. मी, रूथचे पप्पा आणि रूथ. तिघंही दात काढून हसतोय.

चेन्नईच्या अण्णा नगरमधलं सेल्वी आंटींचं स्वयंपाकघर. रविवारची उपासना आटोपल्यावर त्यांनी आम्हांला घरी जेवायला नेलं होतं. सेल्वी आंटी म्हणजे ज्या मिशनने आम्हांला परदेशी पाठवलं त्याच्या कमिटीतल्या मोठ्या बाई. कॉलेजच्या प्राचार्य होत्या, आता निवृत्त. मिशनचं ऑफिस चेन्नईत. आम्ही नगर जिल्ह्यातले, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आम्हांला कंबोडियाला पाठवलं. तिथे हे हातपंप दुरुस्त करतात आणि बायबलचा वर्ग घेतात, मी बालवाडी चालवते.

प्रत्येक मिशनरी कुटुंबाचं असं एक कार्ड छापतात. फोटो, नावं, देश, खाली एक ओळ. चर्चच्या मंडळीतले लोक ते घरी नेतात आणि फ्रिजला लावतात. दूध काढताना आमची आठवण यावी आणि दोन शब्द प्रार्थना व्हावी म्हणून. रीत वाईट नाही. परक्या देशात ताप आला की मला त्या फ्रिजांचाच आधार वाटायचा. पण यंदाचं कार्ड आम्ही पाहिलेलं नव्हतं. ऑफिसने ते नुकतंच परस्पर छापलं होतं.

रूथ नऊ वर्षांची. इंग्रजी घडाघडा वाचते. तिने खालची ओळ मोठ्याने वाचली. काल अस्पृश्य, आज परमेश्वराचे सेवक.

"मम्मी, अनटचेबल म्हणजे? आपल्याला कोण टच करत नव्हतं?"

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. आंटी गॅसपाशी होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि आल्या. रूथच्या डोक्यावरून हात फिरवला. मग गालावरून. मग दोन्ही हातांवरून. सावकाश, मला दिसेल असा.

"पावम," त्या म्हणाल्या. तमिळमध्ये पावम म्हणजे बिचारी. मग इंग्रजीत म्हणाल्या, "बघ, आता मी तुला टच केलं की नाही?"

रूथ हसली. पोरीला वळण चांगलं आहे. मीच लावलंय.

"थँक्यू, आंटी," ती म्हणाली.

आणि मी काय केलं? काही नाही. पाणी प्यायले. मटण बिर्याणी खाल्ली. छान झालीय म्हणाले. त्यांनी आग्रह केला तेव्हा परत वाढून घेतली. आज लिहिताना लाज वाटते, पण घेतली.

जेवल्यावर आंटी कॉफी करायला गेल्या. टीपॉयवर त्यांच्या चर्चचं मासिक पडलं होतं. मी उगाच चाळलं. शेवटच्या पानांवर लग्नाच्या जाहिराती होत्या. एक आंटींच्या मुलाची, खाली त्यांचाच फोन नंबर. मुलगा अमेरिकेत, इंजिनिअर, उंची अमुक. वधू देवभीरू हवी. त्यापुढे आंटींची जात लिहिलेली, आणि मग लिहिलेलं, ख्रिस्ती पण याच समाजातली.

मी मासिक मिटून ठेवलं. त्यांची जात मासिकात अट म्हणून छापलेली. माझी जात फ्रिजवर साक्ष म्हणून छापलेली. कॉफी आली, तीही प्यायले.

आता थोडं थकव्याबद्दल सांगते, नाहीतर मी एवढी गप्प का राहिले ते कळणार नाही.

दर दोन वर्षांनी आम्हांला तीन महिने चेन्नईला बोलावतात. याला सुट्टी म्हणतात. पेरुंगुडीला एका अपार्टमेंटमध्ये मिशनची एक खोली आहे, तिथे राहायचं. दर रविवारी वेगळं चर्च. दर रविवारी तीच बॅग उघडायची. मी कंबोडियन लुंगी नेसायची, गळ्यात तिकडचा चौकटीचा पंचा. चेन्नईच्या मे महिन्यात. हे गिटार वाजवणार, रूथ तिकडच्या ख्मेर भाषेतलं भजन म्हणणार. तेच भजन, अकरा रविवार. मग मी उठायचं आणि साक्ष द्यायची, म्हणजे आम्ही कुठून आलो ते सांगायचं. मेलेली ढोरं, गावकुसाबाहेरची वस्ती, शिळं अन्न, मग येशू. लोक डोळे पुसणार. मग चहा.

हे बोलणं मला कुणी शिकवलं तेही आठवतं. मी आठ वर्षांची, तालुक्याच्या मिशन बोर्डिंगात. बाहेरगावचे पाहुणे आले की बाई मला पुढे उभी करायच्या. मी गोरी नव्हते, केस विंचरलेले नसायचे, म्हणून मीच. "तुझी आजी ढोरं ओढायची, सांग," बाई म्हणायच्या. मी सांगायची. एकदा एका पाहुणीने मला मिठी मारली आणि लगेच रुमालाने हात पुसले. मी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं. बाई म्हणाल्या, "थँक्यू म्हण." मी म्हणाले.

आजी ढोरं ओढत नव्हती. आजी मिशनच्या दवाखान्यात सुईण होती. अर्ध्या तालुक्याचं बाळंतपण तिच्या हातून झालं. पाटलाच्या वाड्यावर तिला मागच्या दाराने नेत आणि पाटलाचा नातू तिच्याच हातात पहिल्यांदा रडला. बाळ काढून झालं की तिने धरलेली भांडी फेकून देत. तिने एकदा पाटलीणबाईला विचारलं होतं, "भांडी फेकली, आता पोराचं काय करायचं?" ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ. पण स्टेजवर मी ती सांगत नाही. सुरुवातीला एकदा सांगून पाहिली. कुणाचे डोळे ओले झाले नाहीत. मिशनचे सेक्रेटरी सर म्हणाले, "सिस्टर, यात देवाची कृपा दिसत नाही." मग मी पुन्हा ढोरं ओढायला लागले.

बुधवारी दुपारी मी खालून दूध घेऊन वर आले. लिफ्टमध्ये पुण्याची एक मुलगी होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी फोनवर मराठी बोलत होते ते ऐकून खूश झाली. "अय्या, मराठी! कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" मी एक आडनाव सांगितलं. माझं नव्हतं. ती आणखी खूश झाली. मी चौथ्या मजल्यावर उतरले आणि तिथेच उभी राहिले. लिफ्टमध्ये जात लपवायची, स्टेजवर दाखवायची. कुठे काय करायचं हे ठरवणार दुसरेच.

खोलीत आले तर रूथ आरशासमोर उभी. हातात सेक्रेटरी सरांनी पाठवलेला कागद. येत्या रविवारी शोळिंगनल्लूरच्या चर्चमध्ये तिने बोलायचं होतं. तिथे सगळी आयटीतली तरुण मंडळी. लहान मूल बोललं की लोकांच्या मनाला भिडतं, असं सर म्हणाले होते. मला वाटलं होतं, बालवाडीबद्दल दोन वाक्यं असतील.

"माझी पणजी मेलेली ढोरं ओढायची," रूथ इंग्रजीत म्हणत होती. "तिला कुणी शिवत नव्हतं." मग ती थांबली. मान खाली घातली. मनात तीनपर्यंत मोजलं, ओठ हलत होते. मग मान वर केली. "पण येशूने तिला शिवलं."

"थांबलीस का मध्येच?" मी विचारलं.

"सरांनी लिहिलंय. इथे थांबायचं, खाली बघायचं." तिने कागद दाखवला. कंसात लिहिलेलंच होतं.

मी कॉटवर बसले. दुधाची पिशवी मांडीवर, गार.  मला राग आला होता. आंटींचा नव्हे, सरांचाही नव्हे. आधी माझाच. अकरा रविवार ही पोर माझ्या बाजूला उभी राहून ऐकत होती. सरांनी फक्त कागदावर उतरवलं. शिकवलं मीच.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे गिटारची तार बदलत होते.

"अगं, कामासाठी करतो आपण," हे म्हणाले. "तिकडे पोरं वाट बघतायत. एक घोट गिळायचा."

"आठ वर्षं गिळतेय. आता पोरीला पाजू?"

ह्यांनी तार ओढली, ती तुटली. "मीपण थकलोय गं," एवढंच म्हणाले. 

रविवारी आंटींनी गाडी पाठवली. शोळिंगनल्लूरला एका ऑफिसच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर हॉल. गारठून जावं इतका एसी. समोर मोठा पडदा. आंटी पहिल्या रांगेत, रेशमी साडीत. भजन झालं. मग पडद्यावर आमचं कार्ड आलं, भिंतीएवढं. आमचे दात, आणि खाली ती ओळ.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने पुकारलं, "आता लहानगी सिस्टर रूथ आपली साक्ष देईल."

रूथ उठली. मी तिचं मनगट धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आपलं काही चुकलं का, अशा चेहऱ्याने. मी तिला खाली बसवलं आणि स्वतः गेले. माइक हातात घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. इंग्रजी माझं तोडकंमोडकं आहे, पण त्या दिवशी अडलं नाही.

"माझी मुलगी बोलणार नाही," मी म्हणाले. "आमची जात तुमच्या पडद्यावर आहे. सेल्वी आंटींची जात त्यांच्या चर्चच्या मासिकात आहे, मुलाच्या लग्नाच्या जाहिरातीत. येशूने आम्हांला शिवलं, असं तुम्ही म्हणता. तुम्हांला शिवलं असेल तर ती जाहिरात कशाला? आंटींनी इथे यावं आणि आधी त्यांची साक्ष द्यावी. मग आमची."

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चार-पाच जणांनी. सवयीने. साक्ष संपली की वाजवतात तशा. मग त्यांना कळलं आणि थांबले. पडद्यावर आम्ही हसतच होतो. सेक्रेटरी सर लॅपटॉपकडे धावले, पण घाईत त्यांना ते चित्र घालवता येईना. मी खाली उतरले. ह्यांनी गिटार केव्हाच पेटीत घातलं होतं. रूथची चप्पल शोधून हे तिच्या पायात घालत होते.

आंटी दारात भेटल्या. रागावलेल्या नव्हत्या, ते जास्त लागलं. डोळ्यांत पाणी होतं. "मी तुम्हांला माझ्या टेबलावर जेवू घातलं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "ते तुम्ही लक्षात ठेवलंत."

परत यायला गाडी नव्हती. बस होती. रस्ताभर रूथ खिडकीतून बघत बसली.

सोमवारी ऑफिसात बोलावणं आलं. सर नेहमीसारखे मऊ बोलले. आंटींना लेखी माफी मागायची. रूथला सप्टेंबरच्या संमेलनात बोलू द्यायचं, कागद हवा तर बदलू. नाहीतर पुन्हा तिकडे पाठवणं अवघड जाईल, कमिटीला पटवावं लागेल.

आता हेही सांगायला हवं की तिकडे आमचं घर आहे. लाकडी खांबांवरचं, खाली कोंबड्या. रूथचे दुधाचे दात तिथल्याच छपरावर फेकलेले. तिची मैत्रीण तिथे. स्वप्नात ती ख्मेर बोलते. जायचं नाही म्हटलं तर ते सगळं तिचं जाणार, माझ्या हट्टापायी. म्हणून मी तिला विचारलं. नऊ वर्षांच्या पोरीला विचारू नये म्हणतात. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी विचारलं. आजीची खरी गोष्ट आधी सांगितली, भांड्यांसकट. मग कार्डाचं. मग ऑफिसचं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी थँक्यू म्हणायला नको होतं ना?"

मला रडू आलं. रडले. लपवलं नाही.

आम्ही पत्र लिहिलं. हे सांगत होते, मी लिहीत होते. माफी नाही. ती ओळ काढून नवं कार्ड छापा. रूथ कुठल्याच स्टेजवर उभी राहणार नाही. हे मान्य असेल तर आम्ही कामाला जाऊ, नसेल तर जाणार नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि खऱ्या आडनावासकट पूर्ण नावं.

उत्तर अजून आलेलं नाही. येणार नाही असंच दिसतंय. बॅग कॉटखाली बंद पडून आहे. खालच्याच गल्लीत एका बालवाडीत बाई हव्यात अशी पाटी लागलीय, उद्या जाऊन येणार आहे. लिफ्टमध्ये ती पुण्याची मुलगी परवा पुन्हा भेटली. तिला मी खरं आडनाव सांगितलं. तिने "अच्छा" म्हटलं आणि उरलेले मजले फोन बघत राहिली. बघू दे.

शनिवारी मी मेट्रोने अण्णा नगरला गेले. आंटींनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, मीच गेले. सरळ स्वयंपाकघरात. टोमॅटो उचलला, कार्ड काढलं, टोमॅटो परत जागेवर लावला.

"अगं, मी रोज प्रार्थना करते तुमच्यासाठी," आंटी मागून म्हणाल्या.

"करा," मी म्हणाले. "नावं पाठ आहेत तुम्हांला."

या शहरात अशी शेकड्याने कार्डं आहेत. सगळी काढता येणार नाहीत, तेवढं त्राणही माझ्यात नाही. पण एक गोष्ट होईल. माझ्या मुलीला कुणी हात लावला म्हणून ती पुन्हा कधी थँक्यू म्हणणार नाही.