चंद्राआड रोहिणी

कपाट आवरताना बाबांचं स्टॉपवॉच सापडलं आणि पनवेलच्या घराची गच्ची आठवली. त्या संध्याकाळी रोहिणीची चांदणी चंद्राआड जाणार होती. बाबांनी दुर्बिणीतून बघायचं आणि मी वहीत वेळ टिपायची, ही आमची नेहमीची वाटणी.

“गेली!” बाबा म्हणाले.

मी वर पाहिलं. रोहिणी चंद्राशेजारी लख्ख दिसत होती.

“बाबा, आहे अजून! लक्ष कुठंय तुमचं?”

“डोळ्यांत पाणी आलं गं. तू बघ, मी लिहितो.”

बढती मिळाल्याच्या ऐटीत मी दुर्बिणीला डोळा लावला. बाबांनी लिहिलेली वेळ दोन ओळींवर तिरकी पसरली होती. मी कुरकुरत ती खोडून नीट लिहिली.

त्यांची नजर जातेय हे घरात वर्षभरानं कळलं. तोवर उपचारांना उशीर झाला होता. त्या संध्याकाळी मला ते दोनदा दिसलं होतं.