शकुमावशीचं ग्रीक दुखणं

पासष्टची लढाई पेटली तसा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम वाढला आणि कांचघर मोहल्ल्यातली अंजनी आपली तान्ही बेबी शेजारच्या शकुमावशीकडे सोपवून कामावर जाऊ लागली. बेबी काही केल्या बाटलीला तोंड लावेना. शेवटी वैतागून मावशीनं तिला उगी करायला म्हणून नुसतंच छातीशी धरलं. रोज धरता धरता एक दिवस दूधच आलं! मावशीच्या धाकट्याला तर मिसरूड फुटलेलं. ती घाबरली, रडली आणि अंजनीला घेऊन लेडी डॉक्टरकडे गेली.

तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला गॅलॅक्टोरिया म्हणतात."

मावशीला वाटलं, एवढं लांबलचक नाव, म्हणजे दुखणंही तसंच असणार.

"भिऊ नका. ग्रीक शब्द आहे. गाला म्हणजे दूध, रोइया म्हणजे वाहणं."

"म्हणजे दूध वाहते, एवढंच?"

"एवढंच."

"अवो बाई, हे तर माझ्या चोळीलाही कळून राहिलं! मग मी काहून रडली?"

बाहेर बाकावर अंजनी बेबीला घेऊन बसली होती. "काय निघालं, मावशी?"

मावशीनं बेबीला ओढून पदराखाली घेतलं.

"काही नाही, ग्रीक झालं मले. हिच्या पोटापुरतं आहे. जाय तू कामावर."