सोडा, चमचा आणि किल्ल्या

मला फिटची भीती वाटत नाही. ती येते, जाते, मला त्यातलं काही कळतही नाही. मला भीती वाटते ती मदतीची.

मागच्या उन्हाळ्यात इथे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला, स्टेशनजवळच्या भाजीच्या गल्लीत मी शेवग्याच्या शेंगा निवडत होते आणि तिथेच पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात रक्ताची चव होती, नाकाघशात सोडा जळत होता, पुढचा एक दात अर्धा गेला होता आणि उजव्या मुठीत कुणाच्या तरी स्कूटरच्या किल्ल्या होत्या. हातात लोखंड दिलं की फिट थांबते, असा इथे सगळ्यांचा ठाम समज. दातखीळ बसू नये म्हणून कुणीतरी स्टीलचा चमचा तोंडात कोंबला होता, आणि तरतरी यावी म्हणून वरून गार सोडा ओतला होता. स्कूटरवाला अदबीनं विचारत होता, "अम्मा, सावी?" त्याला किल्ल्या परत हव्या होत्या, कामावर जायचं होतं. माझी मूठ उघडेना. भोवतीची गर्दी मात्र खुशीत होती, पेढे वाटायचेच काय ते बाकी. त्यांनी मला वाचवलं होतं ना!

फिट बहुतेक वेळा आपली आपणच थांबते, हे त्या गर्दीत एकालाही ठाऊक नव्हतं. किल्ल्या दिल्यावर थांबली, म्हणजे किल्ल्यांनीच थांबवली, झालं.

सोडा फुप्फुसात उतरला आणि न्यूमोनिया झाला. आठवडाभर नाकाला नळी लावून पडून होते. "या वेळी निभावलं," डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी जिवावर बेतेल. कुणाला तोंडात काही ओतू देऊ नका." बेशुद्ध माणसानं लोकांना कसं अडवायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्याच दिवशी साताऱ्याहून आईचा फोन. "कुणी कांदा नाही का गं हुंगवला?" म्हणजे आमच्याकडेही शहाणपणाचा उजेडच आहे. लहानपणी कांदा, आणि तो हाताशी नसला तर चप्पल. मी फोन ठेवून दिला.

फोन ठेवताना दिसलं, बिल्डिंगच्या ग्रुपवर माझाच व्हिडिओ आला होता. खाली पंधरावीस जणांचे जोडलेले हात. माझं तडफडणं टिपायला लोकांचे हात मोकळे होते, मला कुशीवर वळवायला मात्र एकही हात नव्हता. असा संताप आला की सलाइनची सुई उपटून कुणाच्या तरी अंगावर फेकावी. पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात आग लागली तर जिन्यानं कसं उतरायचं, हे दर वर्षी शिकवतात. आग आजवर लागलेली नाही. माणसं मात्र पडतात.

घरी आल्यावर मी बिल्डिंगच्या मीटिंगला गेले. गच्चीवर टँकरच्या पाण्यावरून तासभर भांडण झालं आणि मग मला बोलायला मिळालं. मी सतरंजीवर सरळ आडवी झाले आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, दाबून धरू नका, तोंडात काही म्हणजे काही घालू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. काही जण हसत होते. सेक्रेटरी म्हणाले, "गल्लीतच डॉक्टर आहेत, आपल्याला कशाला हे?" मी म्हटलं, "डॉक्टर येईपर्यंत मी तुमच्याच ताब्यात असते, म्हणून!"

तेवढ्यात माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या मामींनी विचारलं, "पण हातात किल्ल्या दिल्या तर बिघडतं काय?" या मामी म्हणजे कमरेला कायम जुडगा खोचलेला. त्यांच्या नवऱ्यानं बँकेतून रिटायर होऊन सगळी कपाटं त्यांच्यावर सोपवली होती. खरं तर किल्ल्यांनी काही बिघडत नाही. पण माझं डोकं फिरलं होतं. "मामी, तुमच्या किल्ल्या तुमच्याच हातात ठेवा!" मी सगळ्यांसमोर ओरडले. गच्ची खो खो हसली. मामी उठून खाली गेल्या, आणि पुढे कितीतरी दिवस आमचं बोलणं नमस्कारापुरतंच राहिलं.

पोंगल झाल्यावर, एका सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि उंबऱ्यातच पडले.

जाग आली तेव्हा आधी जिभेनं दात चाचपले. होते तेवढे सगळे होते. तोंड कोरडं, नाकात काही नाही. मी कुशीवर होते आणि डोक्याखाली घडी केलेला टॉवेल होता. आमच्या मजल्याच्या तोंडाशी जिन्याला लोखंडी ग्रिल आहे. ते आतून लावलेलं होतं आणि पलीकडे हातात पाण्याचा तांब्या घेऊन सेक्रेटरी उभे होते. "थोडं तरी पाजू या," ते गजांतून म्हणत होते. "वेण्डाम!" असं कुणीतरी कडाडलं. नको म्हणजे नको. त्या मामी होत्या. माझ्याजवळ फरशीवर बसलेल्या, डोळे माझ्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावर.

"पाच मिनिटं झाली नाहीत," त्या मला म्हणाल्या. "झाली असती तर ॲम्ब्युलन्स बोलावणार होते." मी माझी मूठ बघितली, ती रिकामी होती. मग त्यांची बघितली.

मामींनी मूठ उघडली. आत जुडगा होता. "तूच म्हणालीस ना," त्या म्हणाल्या, "माझ्या किल्ल्या माझ्याच हातात ठेवायच्या."

त्यांच्या तळव्यावर किल्ल्यांचे दात लालभडक उमटले होते. त्या माझ्या हातात द्यायला त्यांचा जीव सगळा वेळ तुटत होता, आणि त्यांनी दिल्या नव्हत्या.